माडी बघितली न्हाई

माझं लग्न ठरायच्या आधीच मी साताऱ्याच्या कोर्टात पोचले होते. मी कोण, कुणाची लेक, काळी की गोरी, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दाव्याच्या कागदात मी होते. 'वादीच्या मुलाचे लग्न करावयाचे असून येणाऱ्या सुनेस राहण्यास जागा नाही,' असं मामंजींच्या वकिलांनी लिहून दिलं होतं. मामंजी म्हणजे माझे सासरे, सैन्यातून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांना घराच्या मागच्या दोन खोल्यांतलं बिऱ्हाड हलवायचं होतं. तिथे एक कंपाउंडर बायको-मुलांसह कैक वर्षं राहत होते. भाडं जुन्या काळातलं, आणि भाडेकरूला मनात आलं म्हणून बाहेर काढता येत नाही असा कायदा. मालकाला स्वतःसाठी जागेची खरीच गरज आहे असं कोर्टाला पटलं तरच खोल्या रिकाम्या करून मिळायच्या. तेव्हा मामंजींना एक गरज हवी होती. ती गरज म्हणून मी त्या घरात आले.

खरी गोष्ट मला लग्नानंतर कळली. पेठेतल्या एका व्यापाऱ्याला गोदाम हवं होतं आणि तो डिपॉझिट भक्कम देणार होता. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, कंपाउंडरांच्या घरात तर आमच्याही आधी माहीत होतं. न कळलेलं फक्त कोर्टाला आणि माझ्या आबांना.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर आटपाडीकडे. पाऊस बेताचा, जमीन माळाची आणि माणसं कमी बोलणारी. आबा त्यांतही कमी. पण बांधावरून दोघा भावांत जुंपली की बोलावणं आबांना यायचं. ते जातील, दोन्हीकडून ऐकून घेतील, आणि बोट दाखवतील तिथे दगड रोवला जाईल. पुन्हा कुणी तो दगड हलवत नसे. मला लहानपणी याचा फार जाच व्हायचा. घरात काही सांडलं, फुटलं की आबा नुसतं विचारायचे, "कुणी केलं गं?" आणि त्या तोंडाकडे बघून खोटं म्हणून बोलताच यायचं नाही. मैत्रिणींचे बाप मारायचे, ते मला बरं वाटायचं. मार खाल्ला की विषय संपत असे.

मुलगी द्यायची तर घर बघायचं, ही आमच्याकडची रीत. चार पुरुषमाणसं जातात, पाणी कुठून आणायचं ते बघतात, चूल कुठं, पोरगी बसणार-उठणार कुठं, तेही बघतात. आबाही काकांना घेऊन साताऱ्याला गेले. मामंजींनी घर दाखवायला काही कमी केलं नाही. लष्करातला माणूस, पाहुण्यांपुढं घराची परेडच काढली म्हणा ना. पुढचा सोपा दाखवला, माजघर दाखवलं आणि शेवटी जिना चढवून माडीवर नेलं. "ही पोरांची खोली. मिल्ट्रीच्या बराकीसारखी पक्की," म्हणून भिंतीवर थाप मारली. आबा उंच होते. माडीचं दार बुटकं. उतरताना चौकटीवर त्यांचं कपाळ असं आदळलं की ते तिथेच मटकन बसले. खालून कुणीतरी वाटीत हळद घेऊन धावत आलं आणि कपाळावर दाबून धरली. ती मागच्या बिऱ्हाडातली बाई, कंपाउंडरांची बायको. पाहुण्यांसाठी त्या दिवशीचे पोहेसुद्धा तिनेच केले होते, कारण सासूबाईंचं अंग दुखत होतं.

आबा कपाळ पिवळं करून घरी आले. आई हसून म्हणाली, "पोरीची हळद तुमालाच लागली व्हय?" आबा म्हणाले, "माडी लय झ्याक हाय. दार तेवढं बुटकं." मी आतून ऐकत होते आणि माझ्या मनात ती माडी तिथेच बांधली गेली.

लग्न होऊन मी आले ती त्या माडीवरच. खोली खरंच छान होती. कोयनेच्या भूकंपात एका भिंतीला केसाएवढी भेग गेली होती, त्यावर कॅलेंडर होतं. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. आमचे हे एसटी डेपोत नोकरीला होते. ड्यूटीवरून आले की जिना चढताना शीळ घालायचे, म्हणजे मी उठून बसावं. मला कोर्टाचं काही ठाऊक नव्हतं. मी आपली खुशीत.

मग एके दिवशी कोर्टानं एक वकील कमिशनर नेमून घर बघायला पाठवायचं ठरवलं. आम्हाला आधी कळवलं होतं. त्या सकाळी मामंजी जिन्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, "चला, माडी खाली करा." मला वाटलं, साफसफाई आहे. आमची गादी, उशा, माझी ट्रंक, आरसा, सगळं खाली आलं आणि ज्वारीची पोती वर गेली. ह्यांनी एक पोतं उचललं, मामंजींनी एक. त्या वयातही उचललं, आणि वर थोडा दम खाऊन कॅलेंडर काढून भेग उघडी केली. मी डोक्यावर गादी घेऊन जिना उतरत होते, तेव्हा मागच्या काकू नळावर कळशी भरत होत्या. मी त्यांना काकूच म्हणायची. त्यांनी वर बघितलं, मला बघितलं आणि चटकन कळशीत बघायला लागल्या. कळशी केव्हाच भरून वाहत होती. तेव्हा मला कळलं की आमचं काहीतरी वाईट चाललंय. रात्री ह्यांना विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तू यात पडू नकोस." मी पडायला कशाला हवी होते, मी त्या दाव्यातच होते.

कमिशनर आले, पोती मोजली, भेगेवर बोट फिरवलं, भूकंपाबद्दल दोन गोष्टी बोलले आणि चहा पिऊन गेले. मामंजी खूश. त्यांच्या वकिलांना मात्र हाव सुटली. त्यांना वाटलं, आता सुनेच्या बापालाच उभं करावं. घर बघायला आलो तेव्हा पोरीला राहायला जागा नव्हती, पाहुण्यांनी लवकरच खोल्या रिकाम्या करून घेतो म्हणून शब्द दिला, त्या शब्दावर मुलगी दिली, असं त्यानं सांगितलं की दावा पक्का.

त्यासाठी मामंजी स्वतः आटपाडीला गेले. हे मला पुढं आईनं सांगितलं. आबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "इवाई, माडी तर मी बघितलीया."

"ते मला ठावं, तुमाला ठावं. कोर्टाला काय ठावं?"

"आन मी न्हाई म्हणलं तर पोरीला काय तरास?"

"तसं कशाला म्हणता, पोरगी आमचीच हाय," मामंजी म्हणाले. "आता तर दिवस बी गेल्यात तिला."

आई म्हणायची, त्या वाक्यात वाईट असं काही नव्हतं. पण ते ऐकल्यावर आबा उठून गोठ्यात गेले आणि परत येऊन म्हणाले, "कवा यायचं तेवढं सांगा."

साक्षीच्या दिवशी मलाही कोर्टात नेलं. सासूबाईंनी सकाळी सांगितलं, "म्होरच्या बाकड्यावर बस. जज्जसायबास्नी दिसूं दे." पोट दिसावं म्हणून. मी पदर घट्ट लपेटून बसले. माझ्या पोटातलं मूलसुद्धा दाव्याच्या कामाला लागलं होतं. मागच्या बाकावर कंपाउंडर आणि काकू होत्या. काकूंनी इस्त्रीचं पातळ नेसलं होतं, लग्नाला नेसतात तसं. ती दोघं घर जाईल म्हणून आली होती आणि मी त्यांचं घर घ्यायला आले होते. मान वळवून त्यांच्याकडे बघणं मला काही जमलं नाही.

आबा पांढरा फेटा बांधून पिंजऱ्यात उभे राहिले. देवाची शपथ घेतली. आमच्या वकिलांनी विचारलं त्याची उत्तरं पाठ केल्यासारखी दिली. मग भाडेकरूचे वकील उठले. म्हातारा, किडकिडीत माणूस, आवाज इतका हळू की आबांना पुढं वाकून ऐकावं लागत होतं.

"मुलगी देण्याआधी घर बघितलं होतं तुम्ही?"

"व्हय."

"कुठं कुठं फिरलात?"

"सोप्यात बसलो. माजघर बघितलं. च्या घेतला."

"आणि माडी?"

आबांनी मामंजींकडे बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी ते माझ्याकडे उत्तरासाठी बघायचे तसं नाही. मी आहे ना जागेवर, एवढंच बघावं तसं.

"माडी बघितली न्हाई."

"एवढ्या लांब आटपाडीहून आलात, मुलगी द्यायची होती, आणि ती राहणार कुठं ते बघितलं नाहीत? तुमच्याकडे बैल घ्यायचा तरी लोक त्याला दोनदा चालवून बघतात."

कोर्टात हसू पिकलं. शिपाईसुद्धा हसला. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला बाकावरून दिसल्या.

"न्हाई बघितली."

"बरं, असू द्या. मग त्या दिवशी तुमच्या कपाळाला हळद कुणी लावली?"

आणि आबांचा हात वर गेला. बोलायच्या आधी, विचार करायच्या आधी, तो आपसूक कपाळाकडे गेला आणि फेट्याच्या कडेशी, बरोबर तिथेच, थांबला. सगळं कोर्ट त्या हाताकडे बघत होतं. वकिलांनी पुढं काही विचारलं नाही. "माझी उलटतपासणी झाली," म्हणाले आणि खाली बसले. जज्जसाहेब लिहू लागले. त्यांचं लिहून होईतो आबा तसेच उभे होते, हात खाली घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

मला त्या वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं वगैरे काही म्हणणार नाही. मला राग आला, आणि तो आधी आबांचाच आला. इतकं साधं खोटं, तेही सांगता येऊ नये माणसाला? पुढच्या क्षणी मला कळलं की आपण काय विचार केला, आणि ती लाज मात्र आजतागायत गेलेली नाही. तोवर मी त्या घरात वर्षभरसुद्धा राहिले नव्हते आणि त्या घरासारखा विचार करायला शिकले होते.

बाहेर व्हरांड्यात कंपाउंडर पुढं झाले. त्यांच्या बोलण्यात कुठंही टोमणा नव्हता. "पाव्हणं, उन्हाचं आलाय लांबनं. च्या घ्या आमच्यासंगं." काकू मागे उभ्या होत्या. आबांनी हात जोडले, खालीच बघत. मला म्हणाले, "खाऊन घेत जा येळच्या येळी," आणि घरी न येता तसेच स्टँडकडे चालू लागले.

त्या दिवशी जेवताना मामंजी म्हणाले, "एक न्हाई म्हणायचं हुतं, ते बी धड जमलं न्हाई माणसाला." ह्यांनी मान वर केली नाही. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं, चांगलं खणखणीत. मी म्हणाले, "आमटी वाढू?"

निकाल लागला तो 'दावा खर्चासह नामंजूर' असा. म्हणजे खोल्या तर मिळाल्या नाहीतच, वर भाडेकरूच्या वकिलाचा, कागदांचा, साक्षीदारांचा खर्च मामंजींनी भरायचा. त्यांना हे पहिल्यांदा समजेचना. "माझ्या घरात ऱ्हाणार, माझ्याशी भांडणार, आन त्याच्या भांडणाचं पैसं बी मीच द्यायचं?" असं ते येईल त्याला विचारत. वकिलांनी अपिलाचं सुचवलं, पण अपिलाला आणखी खर्च, आणि व्यापाऱ्यानं तोवर दुसरीकडे गोदाम बघितलं होतं. रोख रक्कम कंपाउंडरांच्या हातात ठेवणं मामंजींना जमेना. शेवटी ती भाड्यात वळती करायची ठरली. महिन्याच्या सुरुवातीला कंपाउंडर सोप्याशी येऊन, चपला काढून, अदबीनं सांगायचे, "सुभेदारसाहेब, ह्या महिन्याचं वळतं." त्यांचा आवाज आला की मामंजी न्हाणीघरात शिरायचे आणि पाण्याचा तांब्या उगाच आपटत राहायचे. मला हसू यायचं. नळावर काकू भेटल्या की हसू आटायचं. काकू पूर्वीसारख्याच बोलायच्या. डोहाळे काय लागलेत विचारायच्या, एकदा कैरीची फोड पदराखालून दिली. ती मी तशीच हातात धरून माडीवर गेले. त्या चांगल्या वागत होत्या ते मला सोसत नव्हतं. चार शब्द तोडून बोलल्या असत्या तर माझी सुटका झाली असती.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आबा मला न्यायला आले. मी ट्रंक भरून तयार होते. आबा सोप्यात उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नव्हते. मामंजी आतून निकालाचा कागद घेऊन आले. निकाल इंग्रजीत, पण वकिलांनी त्यांना एक जागा नीट मराठीत सांगितली होती आणि मामंजींनी ती पाठच केली होती.

"तुमच्याविषयी काय लिवलंय ते तर ऐका, इवाई," ते म्हणाले. "ह्या साक्षीदारावर इस्वास ठेवता येत न्हाई. पोरीच्या सासरच्या भल्यापायी त्यो खोटं बोलतोया."

मी दारात उभी होते. हे वडिलांना म्हणाले, "दादा, आता कशाला ते," पण फार हळू. आबांनी ऐकून घेतलं. त्यांनी त्या कागदाकडे बघितलं, त्यांना वाचता येणार नव्हतंच.

"बराबर लिवलंय," आबा म्हणाले. आणि मला म्हणाले, "चल बाई, गाडी हुकंल."

जाताना आबा वळसा घालून मागच्या दारी गेले. काकू तांदूळ निवडत होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. आबा त्यांच्यासमोर काही बोलतील असं मला वाटलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलंही. मग नुसतं "येतो बाई," म्हणाले. काकू म्हणाल्या, "पोरीला जपा." एवढंच झालं.

कराडला गाडी बदलायची होती. स्टँडवर आटपाडीची गाडी लागली होती. आबांनी मला खिडकीशी बसवलं, ट्रंक वर टाकली. ह्या वाटेनं ते जन्मभर गेले-आलेले. "हीच गाडी विट्यावरनं जाती," ते म्हणाले. मग थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "जाती न्हवं गं?"

मला वाटलं, थकलेत. मी "व्हय," म्हणाले.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. आबा काही सांगायचे आणि सांगून झालं की आईकडे बघायचे. पाटलाचा बैल लंगडतोय. लंगडतोय न्हवं गं? शेजारचा सोमवारी मुंबईला गेला. सोमवारीच न्हवं? आई चुलीपाशी बसून प्रत्येकाला "व्हय, व्हय," म्हणायची, जशी काही ही पहिल्यापासूनची घरातली पद्धतच आहे. मी आईला विचारलं, हे कधीपासून? आई म्हणाली, "साताऱ्यास्नं आल्यापास्नं." आणि फुंकणी घेऊन जाळ करू लागली. गावातल्या कुणाला कोर्टाचं काही कळलेलं नव्हतं. कुणी त्यांना खोटं म्हटलेलं नव्हतं, कुणी म्हणणारही नव्हतं. मी एकदा धीर करून म्हणाले, "आबा, चूक तुमची न्हाई, आमच्या घराची हाय." मी 'आमच्या' म्हणाले ते माझ्या बोलून झाल्यावर लक्षात आलं. आबा म्हणाले, "शपथ मी घेतली हुती."

मला मुलगी झाली. आबा पहाटेपासून अंगणात बसून होते. सुईणीनं बोलावलं तेव्हा फेटा काढून, पाय धुऊन आत आले आणि वाकून बघायला लागले. पोरीच्या मुठी मिटलेल्या, डोळे मिटलेले. फार वेळ बघितलं त्यांनी. मग तोंडभर हसले. कोर्टानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"लय गोड हाय," ते म्हणाले.

आणि मान वळवून, आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"हाय न्हवं गं?"